बाईंचे कान

देवळाली कॅम्पात बाईंच्या घरी मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, नोकरी यांतलं आधी काहीच विचारलं नाही. मला हॉलच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाल्या, "डोळे मीट. काय काय ऐकू येतं ते सांग."

मी डोळे मिटले. "रिक्षा गेली."

"बाहेरचं नको. घरातलं."

"फ्रिज चालू आहे. पंखा करकरतोय. आणि..." मी जरा थांबले. "त्या कोपऱ्यात काहीतरी बारीक वाजतंय. डास असल्यासारखं."

कोपऱ्यातल्या बोर्डाला मोबाइलचा चार्जर लावून ठेवलेला होता. बाईंनी तो उपटून काढला, स्वयंपाकघराकडे तोंड करून "शालन, पुन्हा?" एवढंच म्हणाल्या आणि मला किल्ली दिली. भाडं किती, पाणी कधी येतं, पाहुणे आलेले चालतील का, हे सगळं मग शालनमावशींनी जिन्यात सांगितलं. वर म्हणाल्या, "चार्जरचं तेवढं सांभाळ बरं पोरी. बाकी ती काय बोलत नाय."

मी मूळची चांदवडची. नाशकात एका बियाण्यांच्या कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून खोली शोधत होते. बाईंच्या घरी मी काही वर्षं राहिले. तिथून निघून आता बराच काळ झाला, पण घर शांत असताना कुठे चार्जर बारीक वाजायला लागला, की मी अजून उठून तो काढते. आणि मग पुढे बराच वेळ मला करमत नाही.

बाईंनी उभा जन्म कॅम्पातल्या एका शाळेत फिजिक्स शिकवलं. लग्न केलं नाही. बाजारात पिकल्या मिशांचे पुरुषही स्कूटरवरून उतरून "नमस्कार, बाई" म्हणायचे आणि बाई त्यांना बेंचवरच्या जागेवरून ओळखायच्या. "तू खिडकीजवळचा. भिंगाचं गणित कधी आलं नाही तुला." उंच, सडपातळ, कडक स्टार्चची सुती साडी, आणि अंबाड्यात खोवलेला स्क्रू-ड्रायव्हरसारखा टेस्टर. दिवा लागतो का ते बघायचा तो वायरमनचा टेस्टर. भाजी घ्यायला जातानाही तो तिथेच असायचा. एकदा भाजीवालीने हसून विचारलं, तर बाई म्हणाल्या, "तुझ्या डोक्यात फूल आहे, माझ्या डोक्यात हे आहे. दोन्ही उपयोगाचं."

शालनमावशी त्यांच्या धाकट्या बहीण. सटाण्याला दिलेल्या. मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर बाई स्वतः जाऊन त्यांना देवळालीला घेऊन आल्या होत्या. मावशी बुटक्या, गोल, सतत काहीतरी निवडत बसलेल्या. बाईंना त्या 'आक्का' म्हणायच्या. एरवी आपल्याला समजेल असं बोलायच्या, पण आनंद झाला किंवा घाबरल्या की त्यांच्या तोंडून सटाण्याकडची अहिराणी निघायची, 'सगळं'चं 'बठ्ठं' आणि 'आहे'चं 'शे' व्हायचं.

त्या घरात सोफा नव्हता. हॉलमध्ये समोर दोन लाकडी स्पीकर, मध्ये एक खुर्ची, स्टुलावर लॅपटॉप, आणि बाकी सगळ्या वायरी. बाई गाणं लॅपटॉपवरून ऐकायच्या. आयुष्यभर जमवलेल्या कॅसेट त्यांनी स्वतः त्यात उतरवून घेतल्या होत्या. लॅपटॉपमधून एक यूएसबीची वायर निघायची आणि काडेपेटीहून जरा मोठ्या एका डबीत जायची. कॉम्प्युटरकडचे आकडे घेऊन त्यांचा आवाज करणारी ती डबी. तिला डॅक म्हणतात. तिथून अॅम्प्लिफायर आणि मग स्पीकर. गोम अशी, की यूएसबीच्या त्या एकाच वायरीतून गाणंही जातं आणि डबीला लागणारी वीजही जाते. लॅपटॉपच्या पोटात जी काय धावपळ चालू असते, तिचा सगळा कचरा त्या विजेवर बसून डबीत उतरतो आणि डबीतून गाण्यात.

"टाकीच घाण असेल तर नळ घासून काय होणार?" बाई मला म्हणाल्या होत्या. "लोक स्पीकर बदलतात. महाग स्पीकर घेतात. अगं, वीज बघा आधी!"

त्यांनी ती यूएसबीची वायर मधून सोलून तिच्यातली विजेची लाल तार कापली होती. डबीला वीज द्यायला शाळेच्या प्रयोगशाळेतून मोडीत निघालेला एक जुना बॅटरी एलिमिनेटर ठेवला होता. आत मोठा ट्रान्सफॉर्मर असलेला, उचलताना दोन हात लागायचे असा. त्यात आणखी काही भाग जोडून त्यांनी त्यातून पाच व्होल्टची अगदी स्थिर, स्वच्छ वीज काढली होती. मावशी त्याला 'ठोकळा' म्हणायच्या आणि दसऱ्याला त्यालाही झेंडूचं फूल वाहायच्या. बाईंनी मध्ये एक बटण बसवलं होतं. इकडे फिरवलं की डबीला लॅपटॉपची वीज, तिकडे फिरवलं की ठोकळ्याची.

कॅम्पात तोफांचा सराव चालतो. सकाळी सकाळी लांबून धडाम् आवाज यायचे, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. मला वाटलं, बाईंना याचा त्रास होत असेल. पण तोफा सुरू झाल्या की त्या गाणं थांबवून शांतपणे चहा पीत बसायच्या. "ते बाहेरचं आहे. त्याचं मला काही नाही. गाण्याच्या आत जे घुसतं ना, ते मला चालत नाही."

त्यांचा एक प्रश्न होता, आणि तो त्या कशालाही विचारायच्या. मी सांगितलं, की ऑफिसातले साहेब माझ्यावर नाराज आहेत. "नाराज आहेत असं ऐकलंस, की तुला वाटलं?" मावशी म्हणाल्या, शेजारीण हल्ली बोलत नाही. "ऐकलंस की वाटलं?" आपल्याला जे वाटतं त्यातलं निम्मं आपणच घातलेलं असतं, असं त्यांचं ठाम मत. म्हणून त्या स्वतःच्या कानावरही विश्वास ठेवायच्या नाहीत. वायर बदलली, पोर्ट बदलला, काहीही बदललं, की आवाज सुधारला असं त्या कधीच लगेच म्हणायच्या नाहीत. परीक्षा घ्यायच्या. स्वतःची.

परीक्षेची रीत अशी. बाई खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मावशी त्यांच्या मागे, बटणापाशी. मावशी नाणं उडवायच्या आणि छापा-काटा बघून बटण लॅपटॉपकडे तरी ठेवायच्या नाहीतर ठोकळ्याकडे. स्पीकरमधून नुसता तंबोरा चालू. "गाण्यात कचरा लपतो, तंबोऱ्यात लपायला जागा नसते," असं बाईंचं म्हणणं. तंबोरा ऐकून बाई सांगायच्या, "लॅपटॉप" किंवा "ठोकळा". मावशी पाटीवर बरोबरला टिंब आणि चुकीला फुली करायच्या. असं बरंच वेळा झालं की बाई न वळता विचारायच्या, "किती?"

आणि मावशी म्हणायच्या, "एखादं चुकलं असंल आक्का. बाकी बठ्ठं बरोबर शे."

मावशी पाटी पुसून टाकायच्या आणि मग बाई वळायच्या. एरवी कठोर दिसणारा तो चेहरा त्या क्षणी शाळेतल्या पहिल्या आलेल्या मुलीसारखा व्हायचा. "या वयात!" त्या मला म्हणायच्या. "तू तरुण आहेस, तुझं सोड. पण या वयात!" त्या दिवशी त्या मावशींच्या हातची गरम भाकरी एक जास्त खायच्या.

एकदा नाशकातल्या दुकानातून एक गृहस्थ आले होते. यूएसबीची एक वायर घेऊन. चंदेरी, जाडजूड, मखमली पेटीत ठेवलेली. तिने आवाज उघडतो, गायक समोर बसल्यासारखा वाटतो, असं ते सांगत होते. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बसा. भिंतीकडे तोंड करा." त्यांनी स्वतः वायरी बदलल्या आणि मावशींनी पाटी धरली. त्या गृहस्थांना एकदा जमलं, एकदा नाही, असं झालं. शेवटी ते कपाळ पुसत वळले. बाईंनी त्यांना हिणवलं नाही. चहा पाजला, मावशींना सांगून पोह्यांची बशी दिली आणि म्हणाल्या, "तुम्ही लबाड नाही हो. तुमचे कान तुम्हाला खूश ठेवतात, एवढंच." ते निघताना बाईंना वाकून नमस्कार करून गेले. मला तेव्हा त्या फार मोठ्या वाटल्या. अजूनही वाटतात.

अर्चनाची गोष्ट मला नंतर कळली. मी राहायला जायच्या थोडी आधीची. अर्चना बाईंची आवडती विद्यार्थिनी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून अंबडला एका कारखान्यात लागली होती. तिने स्वतःच्या डोक्याने एक छोटी पेटी बनवली. लॅपटॉप आणि डॅक यांच्या मध्ये ती लावली की लॅपटॉपचीच वीज गाळून पुढे जाणार. म्हणजे ठोकळा नको, काही नको. नोकरी सोडून एका शेडमध्ये असल्या पेट्या बनवायच्या, असं तिच्या मनात होतं. पहिली पेटी ती बाईंकडे घेऊन आली. बाईंनी ती ठेवून घेतली, मावशींना घेऊन रीतसर परीक्षा केली आणि तिला बोलावून सांगितलं, "तुझी पेटी लागली की मला दर वेळी ओळखू येतं. तंबोरा मंद होतो. बारीकसारीक सगळं ती खाऊन टाकते. हे प्रामाणिक यंत्र नाही, अर्चना." अर्चनाने ऐकलं. पेटी तिथेच ठेवून गेली. शेड घेतलीच नाही. बाईंनी ती पेटी कपाटात ठेवली आणि पुढे त्या विषयावर काही बोलल्या नाहीत. चुकीच्या गोष्टीला चूक म्हणणं हे त्यांचं रोजचं काम होतं.

मग एका वर्षी सटाण्याला मावशींच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न निघालं. मावशी हळदीच्या आधीच निघून गेल्या. बाई मागे राहिल्या. त्या लग्नांना जात नसत, लग्नातल्या लाउडस्पीकरपायी. रविवारी दुपारी मी खाली डबा परत द्यायला गेले, तर बाई नवी वायर जोडून तयार. म्हणाल्या, "शालन नाही. तू बसतेस का पाटी घेऊन?"

मला गंमत वाटली. मी बटणापाशी बसले. नाणं उडवलं. तंबोरा सुरू झाला. मी लॅपटॉपकडे बटण केलं तशी मला ती ऐकू आली. तंबोऱ्याच्या मागे एक बारीक, सुईसारखी शीळ. लॅपटॉपचा माउस हलला की ती शीळही हलायची. ठोकळ्याकडे फिरवलं की गायब. मला वाटलं, ही तर सरळच परीक्षा आहे, बाईंना काय अवघड!

"ठोकळा," बाई म्हणाल्या. बटण लॅपटॉपकडे होतं.

मी फुली केली. वाटलं, पहिलंच आहे. पुढचं बरोबर आलं. मग दोन चुकीची. मग एक बरोबर. बाई भिंतीकडे तोंड करून, पाठ ताठ ठेवून, दर वेळी वेळ घेऊन, मन लावून सांगत होत्या. आणि पाटीवर टिंबं आणि फुल्या सारख्याच वाढत होत्या.

"किती?"

मी सांगितलं. जसं होतं तसं. मी दुसरं काही सांगू शकले असते, हे मला तेव्हा सुचलंही नाही. नंतर मात्र अनेकदा सुचलं.

बाई वळल्या नाहीत. "पुन्हा," म्हणाल्या.

पुन्हा तसंच झालं. बाईंनी उठून सगळे जोड तपासले, अंबाड्यातला टेस्टर काढून बोर्ड बघितला, वायर जुनी लावली. तिसऱ्यांदाही तसंच. मग त्या म्हणाल्या, "ऊठ. तू बस खुर्चीत. मी फिरवते." मी भिंतीकडे तोंड करून बसले. मला एकही चूक करता आली नाही. ती शीळ इतकी स्पष्ट होती.

"काय ऐकू येतं तुला?"

"शीळ, बाई. डासासारखी. लॅपटॉपवर असलं की."

"आत्ता आहे?"

"आहे."

त्यांनी स्पीकरला कान लावला. अगदी लाकडाला टेकवला. बराच वेळ तशाच वाकून उभ्या राहिल्या. मग सरळ झाल्या आणि कपाटाकडे गेल्या. अर्चनाची पेटी काढली, फुंकर मारून धूळ उडवली, लॅपटॉप आणि डबीच्या मध्ये लावली.

"आता?"

मी ऐकलं. तंबोरा होता तसाच, भरलेला, चारी तारा वेगळ्या. शीळ नव्हती.

"गेली, बाई."

"तंबोरा मंद झाला?"

"नाही."

"ऐकलंस की—" त्यांनी प्रश्न पुरा केला नाही. पेटी काढली, लावली, काढली, लावली. मला न सांगता. मी दर वेळी बरोबर सांगितलं. शेवटी त्यांनी तंबोरा बंद केला आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मग शालन काय सांगत होती मला?"

लग्न आटोपून मावशी आल्या त्या शेवयांचा डबा आणि लाडू घेऊन. नवरी कशी दिसत होती, जेवणात काय होतं, सगळं त्या उभ्या उभ्याच सांगत होत्या. मला बाईंनी मुद्दाम खाली बोलावून घेतलं होतं. बाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "शालन, पाय धू. परीक्षा करू."

"आत्ता? बसू तर दे की."

"आत्ता."

मावशी पाटी घेऊन बसल्या. नाणं उडवलं, बटण फिरवलं. बाई म्हणाल्या, "ठोकळा." पुन्हा नाणं. "ठोकळा." पुन्हा. "ठोकळा." मी दाराशी उभी होते. बाई काय करत आहेत हे माझ्या लक्षात आलं आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. मावशींचं लक्ष नव्हतं. त्या सवयीने नाणं उडवत होत्या, पाटीवर खुणा करत होत्या, बहुधा अजून लग्नाच्याच मांडवात होत्या.

"किती?"

"एक चुकलं बघ आक्का. बाकी बठ्ठं बरोबर शे."

बाई वळल्या. "मी दर वेळी ठोकळाच म्हटलं, शालन."

मावशींनी पाटीकडे पाहिलं. तिच्यावर फुल्याच जास्त होत्या. पाटीवर त्यांनी कधीच खोटं लिहिलं नव्हतं, तोंडानेच काय ते बोलायच्या. त्यांनी पदराने पाटी पुसून टाकली.

"कधीपासून?"

मावशी कोरी पाटी पुसतच राहिल्या.

"मी विचारतेय, कधीपासून?"

"लय दिवसांचं हाय," मावशी म्हणाल्या. "पैल्यांदा तुझं चुकलं ना, तव्हा मी खरं सांगणार होते. तू वळलीस. तुझं तोंड असं झालेलं... तुना उतरेल चेहरा माले पाहवत नही, आक्का. मी म्हटलं, एक वेळ काय होतंय. मग तू जेवलीस. हसलीस. मग दुसऱ्या वेळी कसं सांगू?"

"अर्चनाची पेटी आणली तेव्हा?"

मावशींनी मान खाली घातली.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्गात बोलतात तशा, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "त्या मुलीला मी प्रामाणिकपणा शिकवला, तुझ्या खोट्यावर उभी राहून. माझ्यापाशी दुसरं काय होतं, शालन? नवरा नाही, पोर नाही. खरं काय ते मला कळतं, एवढंच होतं."

"मी होते की," मावशी म्हणाल्या.

बाई आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी लग्नाहून आणलेली, अजून सोडलीही नव्हती ती पिशवी घेऊन सटाण्याच्या एसटीत बसल्या. स्टँडवर मी सोडायला गेले होते. त्या म्हणाल्या, "तू नको वाईट वाटून घेऊस पोरी. तुला काय ठाऊक होतं." आणि खिडकीतून माझ्या हातात शेवयांचा डबा दिला. "तिला दुधातल्या आवडतात."

त्यानंतरच्या काळात बाईंनी जे केलं, ते सगळं रीतसर केलं. नाशकात कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. वयामुळे उंच पट्टीतले आवाज गेले आहेत, बोलणं अजून बरं ऐकू येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो तपासणीचा आलेख त्यांनी मला दाखवला आणि विद्यार्थ्याला समजावावा तसा समजावून सांगितला. "इथपर्यंत मी आहे. इथून पुढे मी नाही." मशीन लावायचा सल्ला मिळाला. त्यांनी ते घेतलं, दोन दिवस लावलं आणि परत खोक्यात ठेवलं. "त्यालाच केवढी खरखर आहे," म्हणाल्या.

मग त्या अर्चनाला भेटायला गेल्या. मला सोबत घेतलं होतं. अर्चना आता सोलर पंप बसवणाऱ्या एका फर्ममध्ये काम करत होती. आम्ही गेलो तेव्हा ती गोदामात खोकी मोजून घेत होती. बाईंना बघून धावत आली, खुर्ची पुसली, चहा सांगितला. बाईंनी बसायच्या आधीच सगळं सांगितलं. पेटी तिच्या हातात दिली. "ही चांगली आहे. मी चुकले होते. तू पुन्हा सुरू कर."

अर्चना पेटी हातात फिरवून बघत राहिली. "बाई, आता कुठे? आता तसल्या पेट्या बाहेरून येतात, स्वस्तात. आणि माझंही आता..." तिने गोदामाकडे हात केला.

"तू दुसऱ्या कुणाला दाखवायला हवी होतीस," बाई म्हणाल्या. "एका माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मीच शिकवलं होतं तुम्हाला."

"हो," अर्चना म्हणाली. "पण तुमच्याबद्दल नव्हतं शिकवलं, बाई."

ती हसून म्हणाली. बाईंना मात्र हसता आलं नाही. चहा तसाच राहिला.

बाकी सगळं जमलं, एक गोष्ट तेवढी जमत नव्हती. मावशींना बोलावणं. मी दर आठवड्याला विषय काढायचे. बाई म्हणायच्या, "बोलावेन. पण अजून राग आहे. राग असताना 'राग नाही' म्हणून बोलावलं, तर मग तिच्यात आणि माझ्यात फरक काय?" त्या स्वतःच्या रागाचीही परीक्षा घेत होत्या, मी हे बघत होते. मधूनच विचारायच्या, "शालनचा विषय काढला तेव्हा माझा आवाज चढला का गं?" मी म्हणायचे, "थोडा." मग त्या मान डोलवायच्या. "म्हणजे अजून नाही."

तिकडे मावशी फोनवर मला विचारायच्या, "जेवते का? दूध घेते का?" आणि "ती बोलवंल तव्हा येईन," असं म्हणायच्या. दोघींच्या मध्ये मी. असे सण गेले. दसऱ्याला ठोकळ्याला कुणी फूल वाहिलं नाही.

शेवटी एके दिवशी सकाळी बाई जिना चढून वर आल्या. त्या कधी वर येत नसत. म्हणाल्या, "राग गेला. आज उठले आणि बघितलं, तर गेला. सुट्टी काढतेस का? सटाण्याला जाऊ."

मावशींचं घर, म्हणजे त्यांच्या पुतण्याचं, गावाबाहेर मळ्यात होतं. कांदा काढून अंगणात ढीग घातला होता आणि बायका त्याची पात कापत बसल्या होत्या. मावशी त्यांच्यात. आम्हाला बघून विळा टाकून उठल्या. बाईंचे दोन्ही हात धरले. मग एकदम पाणी, गूळ, चहा, उसळ, भाकरी अशी धावपळ झाली. पुतण्याची नात मावशींचा पदर सोडत नव्हती. मावशी उन्हाने काळवंडल्या होत्या आणि चांगल्या दिसत होत्या.

जेवणं झाल्यावर बाई ओसरीवर म्हणाल्या, "शालन, सामान घे. घरी चल. माझ्या मनात आता काही नाही. मी नीट बघितलंय."

मावशी कांद्याची साल बोटावर गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "नाय आक्का. मी नाय येणार."

"रागावलीस?"

"तुझ्यावं कशाला रागवू? तू नेलंस तव्हा मला कोण होतं? पण तिथं मला कायम भ्या वाटायचं."

"कशाचं?"

"तुझं." मावशींनी वर बघितलं. "पाटी घेऊन बसले ना की खरं बोलायचं भ्या, खोटं बोलायचंबी भ्या. चार्जर राह्यला तर भ्या. भांडं पडलं तर भ्या. इथं कुणी मला काय विचारत नाय."

अंगणातल्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. बाईंनी विचारलं, "लय वाटायचं?" बाईंच्या तोंडून 'लय' मी पहिल्यांदाच ऐकलं.

"लय," मावशी म्हणाल्या.

"बरं झालं सांगितलंस," बाई म्हणाल्या. "खरं सांगितलंस."

परत येताना देवळा गेलं, माझं चांदवड गेलं, तरी बाई खिडकीबाहेरच बघत होत्या. मी एकदा त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

पुढे माझी बदली झाली आणि मी ते घर सोडलं. पण नाशकात आले की देवळालीला जाते. बाई आता थकल्या आहेत. गाणं कमी ऐकतात. परीक्षा घेत नाहीत. रोज संध्याकाळी सटाण्याहून मावशींचा फोन येतो. पुतण्याच्या नातीने त्यांना व्हिडिओ कॉल करायला शिकवलंय. मोबाइलवर बाईंना नीट ऐकू येत नाही, म्हणून त्या तो लॅपटॉपवर घेतात आणि मावशींचा आवाज त्या दोन मोठ्या स्पीकरांतून येतो.

गेल्या खेपेला मी होते तेव्हाही आला. मावशी कसलीशी गंमत सांगत होत्या. बहुधा कोंबडी घरात शिरली होती, मागे पोरं ओरडत होती, आणि मावशी मधेच इतक्या जोरात हसायला लागल्या की त्यांना पुढचं सांगताच येईना. सबंध हॉल त्या हसण्याने भरून गेला. बाई खुर्चीत पुढे झुकून ऐकत होत्या.

फोन संपला. मी विचारलं, "नीट ऐकू येतं ना बाई, मावशींचं?"

"येतं की," त्या म्हणाल्या. "चांगलं ऐकू येतं." मग लॅपटॉपचं झाकण लावता लावता थांबल्या. "इतकी वर्षं इथं होती. पण या घरात ती अशी एकदाही हसली नव्हती गं."